बोटभर हिरवी वायर

"एवढी शांतता कुठून आणली तू?"

भंतेजींनी हे विचारलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वैशाखाचं ऊन विहाराच्या पत्र्यावर तडतडत होतं आणि सुगत ढोके आपल्या मिक्सरमागे हाताची घडी घालून उभा होता.

सुगतला वाटलं, कौतुक आहे.

मलाही तसंच वाटलं. मी वाकडीटोल्याच्या विहार समितीचा चिटणीस. चिटणीस म्हणजे सह्याही माझ्या आणि झाडूही माझाच. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, संध्याकाळी सहाला गायनाचा कार्यक्रम होता आणि तो पाऊण तास उशिरा सुरू झाला. उशीर का झाला, हे लोक मला अजून विचारतात. लाइट गेली होती, असं मी सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

"माझ्या सेटची शांतता आहे जी," सुगत म्हणाला.

त्याने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. माइक चालू होता, स्पीकर चालू होते, आणि तरी काही ऐकू येत नव्हतं. पिंपळावरची होली, ते पारव्यासारखं पाखरू, तेवढी बोलत होती.

गेल्या वर्षी असं नव्हतं. गेल्या वर्षी कार्यक्रमभर स्पीकरमधून एक बारीक घूं... येत राहिली होती, पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखी. उत्पलाताई गणवीर गात होत्या आणि भुंगा साथ करत होता. कार्यक्रमानंतर लोकांनी ताईंचं कौतुक केलं आणि सुगतला भुंग्याबद्दल विचारलं. ते त्याला फार लागलं होतं.

कारण उत्पलाताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. हा सगळा सेट त्याने ताईच्या आवाजासाठी घेतला होता, हे तो कुणालाही सांगायचा आणि ते खरंच होतं.

"मग ते घूं कुठं गेलं?" भंतेजींनी विचारलं.

"गेलं."

"कुठं?"

सुगत थोडा थांबला. मग हसला.

"ते धंद्याचं आहे, भंतेजी. सांगायचं नसते."

भंतेजींनी मान हलवली, सांगू नको म्हणाले. एक लाकडी स्टूल ओढलं आणि थेट स्टेजसमोर मांडून बसले. बारानंतर ते जेवत नाहीत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांना उठायचं दुसरं कारणही नव्हतं.

ते बसून बघत राहिले...

कुणी असं बघत बसलं की माणसाच्या हातातलं काम बिघडतं. सुगतने एक वायर दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, की शेजारच्या गावचा साउंडवाला विहारात येतो का, भंतेजींच्या पाया पडतो का, बोलत बसतो का. मी म्हटलं, येतो, पडतो, बसतो. सुगतने ओठ आवळले. त्याच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं. भंतेजी आपली युक्ती काढून घेणार आणि त्याला देणार.

ज्या माणसाच्या नावावर तीन चीवरं आणि एक भिक्षापात्र, त्याच्यावर धंदा चोरल्याचा संशय. पण खरं सांगायचं तर संशयाला सुरुवात भंतेजींनीच केली होती. सकाळपासून ते सुगतच्या सामानाभोवती घिरट्या घालत होते. एकेका प्लगजवळ वाकायचे, एकेका वायरीच्या बाजूने चालत जायचे. कुठल्याही पेटीला हात लावायचा तर हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूने, निसटता. ताप बघावा तसा.

"उलटा हात काऊन लावता?" सुगतने न राहवून विचारलं.

"सरळ हाताले करंट लागला तं मूठ आवळते," भंतेजी म्हणाले. "उलटा हात सुटून येते."

"माझ्या पेटीत करंट नाही जी."

"हाव."

म्हणाले हाव, आणि पुढच्या पेटीलाही उलटाच हात लावला.

चीवर घ्यायच्या आधी भंतेजी लाइनमन होते. वीस वर्षं खांबांवर चढले. विहाराची सगळी वायरिंग त्यांनीच केलेली आहे. मागे पिंपळाजवळ एक खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली, वर लोखंडी झाकण बसवलं. उन्हाळ्यात रोज सकाळी ते त्या झाकणाच्या फटीतून दोन बादल्या पाणी ओततात. गावाला वाटलं, बोधिवृक्षाची सेवा आहे. बायका झाकणावर फुलं ठेवू लागल्या. भंतेजी फुलं उचलून बाजूला ठेवायचे आणि पाणी ओतायचे. मी दोन वर्षं त्या झाकणाला हात जोडत होतो. ते अर्थिंग आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि चिटणीस असूनही कळलं नव्हतं याची लाज वाटली.

साडेचारला मी स्टेजमागे झाडू मारला. सुपलीत धूळ, पिंपळपानं, चिकटपट्टीचे तुकडे. सुपली घेऊन भंतेजींच्या समोरून चाललो तर त्यांनी हात आडवा केला. धुळीत बोट घालून काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं.

बोटभर लांबीची हिरवी वायर होती. एका टोकाला ताजी कापलेली, तांबं चमकत होतं. तसाच आणखी एक तुकडा त्यांनी शोधून काढला.

"सुगत."

तो आला. तळहाताकडे बघितलं. मग मात्र त्याने मान ताठ केली. चोरी सापडली असं त्याला वाटलंच नाही. हुशारी सापडली असं वाटलं.

"आता पाहलंच तं सांगतो," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. मिक्सर इथे समोरच्या सॉकेटवर, स्पीकरची मशीन आणि लाइट तिकडे स्टेजमागच्या सॉकेटवर. दोन प्लग, म्हणजे हिरव्या वायरीला जमिनीत जायला दोन वाटा. दोन वाटा झाल्या की आवाजाच्या वायरीतून गोल फेरा तयार होतो आणि तो फेराच घूं करतो. म्हणून प्लग उघडायचा, आतली हिरवी वायर कापायची, टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि प्लग पुन्हा बंद करायचा. बाहेरून तीन पिना दिसतात. कुणाला शंका येत नाही.

"एक कापली तरी घूं जाते," सुगत म्हणाला. "मी खात्रीसाठी दोन्ही कापल्या. आज प्लग नवे लावले, तं इथंच कापल्या."

"खात्रीसाठी."

"हाव जी. मशीन दोन वायरींवर चालते. एक करंट आणते, एक वापस नेते. तिसरी काहीच काम करत नाही."

भंतेजी त्या तुकड्याकडे बघत होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "तिले काम पडूच नये."

सुगत हसला. त्याला वाटलं, वाद जिंकला.

"चौदा कार्यक्रम झाले असे. एकालेही झटका नाही बसला."

"तुले कोणी सांगितलं?"

"बसला असता तं सांगितलं नसतं का?"

फाटकाशी ऑटो थांबला होता आणि उत्पलाताई उतरत होत्या.

त्यांनी भंतेजींना पंचांग प्रणाम केला. मला चहा झाला का विचारलं. भावाच्या शर्टाची कॉलर सरळ केली. पन्नाशीची बाई, पांढरी साडी, गळ्यात निळा रुमाल. चार तालुक्यांत त्यांचं गाणं ऐकायला लोक येतात, पण बोलताना आवाज इतका हळू की कान पुढे करावा लागतो.

"माइक पाहून घेते," त्या म्हणाल्या आणि स्टेजकडे गेल्या.

आमचं स्टेज म्हणजे मातीचा ओटा. धूळ उडू नये म्हणून मी त्यावर नुकताच पाण्याचा सडा टाकला होता. ओट्याच्या एका अंगाला बुद्धमूर्ती ठेवलेली असते, त्यामुळे वर कुणीच पायांत काही घालून चढत नाही. ताईंनी पायरीशी चपला काढल्या. मग गळ्यातला निळा रुमाल सोडून हातात घेतला.

"ताई," भंतेजी म्हणाले, "आधी पाणी पी. ऊन लागलं असन."

त्या थांबल्या. भंतेजींनी मला खूण केली. मी माठातलं पाणी आणून दिलं आणि त्या पायरीवर बसून प्यायल्या.

"रुमाल काऊन काढला?"

ताई लाजल्या. रुमाल माइकला गुंडाळायचा असतो, म्हणाल्या. पहिली दोन गाणी नुसत्या माइकवर आणि मग रुमाल गुंडाळून.

"घामासाठी," सुगतने सांगितलं. "तिची स्टाइल आहे."

ताईंनी मान हलवली, घामासाठी नाही. मग, आपण काही गुपित सांगतो आहोत अशा संकोचाने, त्या भंतेजींना म्हणाल्या, "गाणं येते ना जी, तवा ओठाले कळते."

"कसं?"

"झिणझिण करते. माइकजवळ तोंड नेलं का ओठाले मुंग्या येतात. तवा मले समजते का आता गाणं आलं. पहिले असं नव्हतं होत. याच्या सेटचं घूं गेलं तवापासून होते. लय झालं का मंग रुमाल बांधते."

त्यांनी पायरीशी काढलेल्या चपलांकडे बोट केलं.

"अनवाणी असलं का जास्त येते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी कुठंही गेली तं चप्पल काढूनच गाते."

त्यांचा चेहरा इतका शांत होता, की मला भडभडून आलं. वर्षभर ही बाई ज्याला गाण्याची कृपा समजत होती ते काय होतं, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही त्या क्षणी समजलं. सुगतलाही समजलं असावं. त्याने माइककडे बघितलं आणि लगेच नजर काढली.

भंतेजी उठले. त्यांनी खिडकीतून टेस्टर घेतला. पण माइकला लावायच्या आधी ते भिंतीवरच्या चालू सॉकेटकडे गेले आणि त्यात टेस्टर घालून बघितला. आतला दिवा पेटला.

"हे काय करता?" सुगतने विचारलं.

"टेस्टर मेला असला तं तोही करंट नाही म्हणून सांगन."

मग ओट्यावर कोरडी लाकडी पाटी टाकून, तिच्यावर उभं राहून त्यांनी टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला टेकवलं. दिवा पेटला. मंद, काजव्याएवढा, पण पेटला.

सुगतने ते बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण तो उन्हाचाही असू शकेल.

"एवढं तं सगळ्याच मशीनमध्ये येते," तो म्हणाला. "एवढ्यानं माणूस मरत नाही."

"हाव."

"मी सोता रोज माइक चेक करतो. हॅलो हॅलो करतो. मले तं कधीच लागलं नाही."

भंतेजींनी त्याच्या पायांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. सुगतच्या पायांत जाड रबरी तळाचे बूट होते. तो ओट्यावर चढायचाच नाही. खालूनच हात लांब करून माइक घ्यायचा, खालीच उभा राहून हॅलो म्हणायचा.

"तू तुझ्या जागेवरून पाहतो," भंतेजी म्हणाले. "ताईच्या जागेवरून पाहा."

"म्हणजे?"

"बूट काढ. ओल्यावर उभा राह्य. माइक धर, ओठ लाव. कार्यक्रम सुरू करू."

"करतो ना," सुगत म्हणाला. "त्यात काय."

तो वाकला. डाव्या बुटाची नाडी सोडली. उजव्या बुटाची गाठ पडली होती, ती सोडवू लागला. गाठ सुटली. मग तो वाकलेलाच राहिला.

बराच वेळ...

होली बोलत होती. ताई हातातला पेला तसाच धरून भावाकडे बघत होत्या. माझ्या हातात सुपली होती आणि ती खाली ठेवावी हे मला सुचत नव्हतं.

सुगतने बूट काढला नाही.

"चौदा कार्यक्रम," भंतेजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "चौदा वेळा तिले चढवलं."

सुगत खालीच बसला. तोंड हातांत घेतलं. मला त्याचा राग आला होता, तो त्या क्षणी गेला. त्याने बहिणीवर प्रेम केलं नव्हतं असं कोण म्हणेल? तिच्या गाण्यात भुंगा नको म्हणून तर त्याने सगळं केलं.

"तुमचं मन इतकं संशयी कसं जी?" थोड्या वेळाने तो म्हणाला. त्यात राग होता आणि रडूही होतं. "चीवर घातलेल्या माणसाचं?"

भंतेजी त्याच्या शेजारी मातीतच बसले.

"माझ्यासंग देवाजी होता," ते म्हणाले. "खांबावर. मले सांगितलं, लाइन बंद आहे. मी मानलं. मी देवाजीले सांगितलं, बंद आहे. त्यानं माझं मानलं. चढला."

एवढंच. मी त्यांच्याजवळ नऊ वर्षं आहे. देवाजीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सुगत उठला. बुटांच्या नाड्या न बांधताच गेला. दोन्ही प्लग काढले, पेचकस घेऊन उघडले. चिकटपट्टी सोलली, हिरव्या वायरी नव्याने छिलून पिनेखाली कसल्या. भंतेजींनी प्रत्येक वायर ओढून बघितली. दुसरी सुटून हातात आली. ती त्यांनी परत दिली. सुगतने ती पुन्हा कसली आणि या वेळी भंतेजींच्या आधी त्याने स्वतःच ओढून बघितली.

प्लग लावले. मशीन चालू झाली.

घूं...

भुंगा परत आला होता. सुगतने हताश होऊन ताईंकडे बघितलं. ताईंनी मात्र दुसरंच विचारलं. आता ओठाला कळेल का?

भंतेजी नाही म्हणाले.

ताईंनी माइककडे बघितलं. त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं दिसत होतं, आणि खरं तर घेतलंच होतं. गाणं आलं की नाही हे मग कळायचं कसं, असं त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या. त्या उठल्या आणि पिंपळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे माइक नव्हता, काही नव्हतं. आमच्याकडे पाठ करून त्यांनी एक ओळ गायली. मग हाताची बोटं ओठांवर ठेवून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांनी रुमाल पुन्हा गळ्याभोवती बांधला होता.

इकडे भंतेजी म्हणाले, आता लाइट लाव.

"उन्हात?" सुगतने विचारलं.

त्याचं बरोबर होतं. स्टेजचे लाइट उन्हात कोण लावतं? ते सात वाजता लागतात, अंधार पडताना, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला. ताई माइकशी उभ्या असतात, लोकांचे डोळे मिटलेले असतात, आणि सुगत मागून हळूच लाल-निळा प्रकाश सोडतो. त्याचा तो आवडता क्षण होता. उन्हात लावले तर पेटले की नाही तेही दिसत नाही.

"लाव."

सुगतने पहिलं बटण वर केलं. काही झालं नाही. दुसरं केलं. तिसरं केलं, आणि विहाराच्या भिंतीवरच्या मेन बोर्डात फट् असा आवाज झाला. सगळं बंद पडलं. भुंगाही गेला.

"पाहा," सुगत चिडून म्हणाला. "जोडली का हिरवी? आता सगळंच बसलं. एक वर्ष झालं, कधी असं नव्हतं झालं."

भंतेजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

"तिले काम पडलं," ते म्हणाले.

सुगतला पहिल्यांदा कळलं नाही. मग तो तिसऱ्या लाइटकडे धावला. हात लावायच्या आधी थबकला, प्लग ओढून काढला, आणि मग तो लोखंडी दिवा फिरवून बघितला. त्याची वायर स्टँडच्या लोखंडी पट्टीखाली चेपली गेली होती. वरचं रबर फाटलं होतं आणि आतलं तांबं थेट लोखंडाला टेकलं होतं. सामान उतरवताना दाबलं गेलं असणार, सकाळीच.

मी विजेतला माणूस नाही, पण तिथे उभ्या उभ्या मलाही रस्ता दिसला. फाटलेल्या वायरीतून दिव्याच्या लोखंडात. लोखंडातून हिरव्या वायरीने स्पीकरच्या मशीनमध्ये, कारण दिवा आणि मशीन एकाच बोर्डावर. तिथून आवाजाच्या वायरीने मिक्सरला, मिक्सरमधून माइकला. हिरवी प्लगमध्ये जोडलेली असल्यामुळे तो सगळा करंट एकदम पिंपळाजवळच्या ओल्या खड्ड्यात गेला आणि फ्यूज उडाला. ती कापलेलीच असती तर त्याला जमिनीत जायला एकच वाट होती. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला, सात वाजता, ओल्या मातीत अनवाणी उभी.

सुगत तो दिवा हातात धरून तसाच बसला होता. त्याने ताईंकडे बघितलं नाही. ताईंनी मात्र येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय झालं असतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

त्यानंतर तासभर काम चाललं. फाटका दिवा फाटकाबाहेर नेऊन ठेवला. फ्यूजला नवी बारीक तार घातली. सुगतने जाड तार पुढे केली होती, ती वेळेला वितळत नाही म्हणून भंतेजींनी आपल्या झोळीत टाकली. मिक्सर आणि स्पीकरची मशीन एकाच सॉकेटवर आणली, म्हणजे आवाजाला जमिनीत जायला एकच वाट राहिली. लाइट दुसऱ्या सॉकेटवर, वेगळे. यंत्रं चालू केली तर घूं नव्हतं. हिरव्या वायरी जागेवर होत्या आणि भुंगा नव्हता. इतका सोपा उपाय होता तर आधी का नाही सांगितला, असं सुगतने विचारलं. भंतेजी म्हणाले, तू धंद्याचं आहे म्हणाला होता.

मी ओट्यावर कोरड्या चटया टाकल्या आणि त्यावर जाड सतरंजी. सुगत पिंपळाकडे गेला. रिकामी बादली पडलेली होती ती भरली आणि झाकणाच्या फटीतून पाणी ओतलं, एकदा, दोनदा. दर्शनाला आलेल्या दोन बायांनी ते बघून हात जोडले. मी त्यांना काही सांगितलं नाही.

सहा वाजून गेले होते. लोक येऊन बसले. पोरं, म्हाताऱ्या, पुढच्या रांगेत समितीचे सभासद आणि त्यांची घड्याळं. अध्यक्षांनी मला दोनदा हाताने विचारलं, काय चाललंय? मी दोनदा हातानेच सांगितलं, लाइट.

ताई पायरीशी उभ्या होत्या. चपला काढलेल्या.

सुगत टेस्टर घेऊन चालू सॉकेटकडे गेला, तो पेटतो का बघितलं. मग पाटीवर उभं राहून माइकला लावला. काही पेटलं नाही. लाइट लावून पुन्हा बघितलं. नाही पेटलं. परत सॉकेटकडे जाऊन टेस्टर जिवंत आहे का ते बघितलं. मग त्याने बूट काढले. अनवाणी, चटईच्या बाहेर, ओल्या मातीवर उभा राहिला आणि उलटा हात माइकच्या जाळीला टेकवला. थांबला. ओठ टेकवले.

लोकांना वाटलं, नमस्कार करतोय.

तो खाली उतरला आणि स्टुलावर बसलेल्या भंतेजींसमोर गुडघ्यांवर बसला. चेहरा थकलेला होता, पण दुपारचा ताठा त्यावर नव्हता. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

"झालं, भंतेजी," तो म्हणाला. "सगळं पाहलं. आता काहीच शंका नाही."

भंतेजींनी त्याच्याकडे बघितलं. मग पायरीवरच्या ताईंकडे...

"शंका नाही?" ते म्हणाले. "मंग ताईले अजून चढू देऊ नको."